दोन राउटरांचं घर

लिफ्टमिस्त्रीच्या स्वतःच्या घराला लिफ्ट नव्हती. यावरून त्याची चेष्टा न केलेला माणूस गल्लीत शोधून सापडला नसता. "काय मिस्त्री, जगाला वर चढवता आणि स्वतः जिने चढता!" तो हसून सोडून द्यायचा. माणूस तसा शांत, कामाला चोख, आणि सावध तर असा की विचारू नका. वायरीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करणार, त्यावर 'काम चालू आहे'ची पाटी टांगणार, आणि एवढं करूनही पुन्हा टेस्टर लावून बघणार. त्याचे वस्ताद त्याला शिकवून गेले होते, "आवाज करणारी लिफ्ट परवडली रे, काय बिघडलंय ते सांगते तरी. गप्प बसलेल्या लिफ्टवर कधी विश्वास ठेवू नकोस." अशा माणसाच्या हातून हे घडलं, म्हणून तर सांगायचं. एखाद्या वेंधळ्याच्या हातून घडलं असतं तर त्यात नवल ते काय?

घर दुसऱ्या मजल्यावर. पुढे बैठकीची खोली, मग एक अरुंद बोळ, बोळाच्या कडेला स्वयंपाकघर, आणि पार शेवटाला आतली खोली. मिस्त्रीची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, सकाळी गेली की दिवेलागणीला घरी. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. मिस्त्रीची पाळी भल्या पहाटेची, त्यामुळे दुपारी तो मोकळा. सकाळी आईजवळ एक बाई येऊन बसायची आणि मिस्त्री आला की जायची. दुपारभर घरात दोघंच. तो आणि त्याची आई.

आईने उभी हयात बटणांच्या कारखान्यात काढली. नवरा लवकर गेला, पदरात हे एकच पोर. पोर गुटगुटीत, म्हणून त्याचं नाव पडलं ढब्बू. कारखान्यातून सुटली की ती धावतपळत शाळेच्या गेटवर जाऊन उभी राहायची, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत पोचायचीच. इतर पोरांच्या आया यायच्या, नाही यायच्या. ढब्बूची आई गेटवर नाही असं कधी झालं नाही. "मी बाहेर आलो आणि आई दिसली नाही, असा एक दिवस आठवत नाही मला," असं मिस्त्री मोठ्या अभिमानाने सांगायचा.

आणि त्याच बाईचं आता सगळं विस्कटत चाललं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मिस्त्रीच्या जिभेवर कधी बसलं नाही. कळलं ते इतकंच की कालचं पुसलं जाणार आणि जुनं तेवढं वर येत राहणार. सकाळी ती बरी असायची. दुपार कलली की मात्र तिची चुळबुळ सुरू व्हायची. झग्याचं बटण बोटात धरून फिरवत राहायची, मग एकदम उठायची, चपला पायात सरकवायची आणि दाराकडे निघायची.

"कुठे निघालीस, आई?"

"अरे, ढब्बूची शाळा सुटेल ना."

"आई, मीच ढब्बू."

यावर ती त्याच्या टकलाकडे आणि पोटाकडे बघून खुदकन हसायची. "चला, काहीतरीच तुमचं, मिस्त्री!"

लोक म्हणाले, दाराला कुलूप घाला. एकदा घातलंही. मिस्त्री कोपऱ्यावरून दूध घेऊन परत आला तर जिन्यातच त्याला आवाज ऐकू आला. आई आतून दोन्ही मुठींनी दार बडवत होती, बोटांची सालटं निघाली होती. मिस्त्रीने आयुष्यभर बंद लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढलेली. तो आवाज काय असतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने धावत जाऊन कुलूप काढलं आणि तिचे हात हातात घेतले. संध्याकाळी बायकोने सासूच्या बोटांना मलम लावता लावता सांगून टाकलं, "या घरात कुलूप लागणार नाही. आईंना कोंडायचं नाही."

मग मिस्त्रीने घंटी आणली. दाराच्या चौकटीला चिकटवायची एवढीशी पांढरी डबी. दार उघडलं की ती घरातल्या वायफायवरून फोनला कळवायची, आणि फोन टिंग टिंग करून घर डोक्यावर घ्यायचा. बसवली, चालू केली, दहादा दार उघडून बघितलं. दाराला आपोआप मिटणारा दट्ट्याही त्यानेच लावला, दार धाडकन आपटून आई दचकू नये म्हणून. झालं. आता दुपारी टिंग झालं की तो उठायचा, आईला जिन्याच्या पहिल्या पायरीवर गाठायचा, "अगं, आज शाळेला सुट्टी आहे," म्हणायचा, आणि हाताला धरून आत आणायचा. सुट्टी म्हटलं की ती निमूट यायची. असं पुष्कळ दिवस सुरळीत चाललं.

आता मिस्त्रीच्या नादाबद्दल सांगायला हवं. नाद म्हटला की लोकांना दारू, पत्ते आठवतात. मिस्त्रीला यातलं काही नव्हतं. त्याला होता गेमचा नाद. आतल्या खोलीत संगणक, कानांवर हे मोठे हेडफोन, आणि पडद्यावर युद्ध. गेममध्ये पाचजणांची टोळी; चौघं तरणीताठी, एकमेकांना कधी न भेटलेली, आणि पाचवा हा. पुढे घुसायचं काम पोरांचं. मिस्त्रीचं काम मागे राहून राखण करायची, पाठीमागून कोणी येतंय का ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. यात तो पटाईत होता. "मिस्त्रीकाका मागे आहेत ना, मग बिनधास्त चला," असं पोरं म्हणायची, आणि या पंचेचाळिशीच्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. चढेल नाहीतर काय! दिवसभर ग्रीस आणि वायरी, घरी आलं की आई ओळखत नाही. कुठेतरी कोणीतरी आपल्या भरवशावर आहे, हे ऐकायला कोणाला आवडत नाही?

पण त्या गेमला नेट लागायचं लोण्यासारखं. आणि पुढच्या खोलीत आईचा टीव्ही. तिला जागेवर बसवायला तिची जुनी गाणी लावून द्यायची, तीही नेटवरूनच. गाण्याने नेट ओढलं की इकडे गेम अडखळायचा. ऐन मोक्याला पडदा गोठायचा, आणि सुटेपर्यंत मिस्त्री मेलेला. त्यातून घंटी वाजली की उठून पळायचं ते वेगळंच. पोरं कुरकुरायला लागली. एकजण तर स्पष्ट म्हणाला, "काका, राखण करणाराच उठून गेला तर कसं व्हायचं?" मिस्त्रीला हे फार लागलं.

त्याने नेटवाल्याला बोलावलं. नेटवाला तोंडाळ पण हुशार. सगळं बघून म्हणाला, "सोपं आहे. तुमचा जुना राउटर राहू दे पुढच्या खोलीत, टीव्हीपाशी. त्याच्यातून एक वायर काढतो आणि आतल्या खोलीत दुसरा राउटर बसवतो, फक्त तुमचा. पहिल्याला सांगून ठेवतो, आधी याचं ऐकायचं, मग टीव्हीचं."

"म्हणजे गेम अडकणार नाही?"

"नाव काढायचं नाही. आधी तुमचं, मग आजींचं." नेटवाला हसला. वायर बोळातून छताच्या कडेने नेता नेता त्याने आणखी एक सांगितलं, "फक्त एक आहे हं. दोन राउटर म्हणजे दोन घरं झाली. पुढच्या घरातलं मागच्या घरात हाक मारून सांगू शकत नाही. प्रिंटर वगैरे काही असेल तर बोला, मी वेगळी जुळणी करतो."

"प्रिंटर? आमच्याकडे कागदसुद्धा नसतो," मिस्त्री म्हणाला. दोघंही हसले. दारावरची पांढरी डबी दोघांच्याही डोळ्यांसमोर होती, नेटवाला तिच्याखालूनच आत आला होता. पण प्रिंटर म्हटल्यावर माणूस प्रिंटरच शोधतो. जाता जाता त्याने मिस्त्रीच्या फोनला नव्या राउटरची ओळख करून दिली आणि म्हणाला, "आत असलात की हा धरेल, बाहेर आलात की तो. तुम्हाला काही करायला नको."

आणि खरंच काही करायला लागलं नाही. त्या दुपारपासून गेम असा चालला जसं तेल दिलेलं बेअरिंग. आणि गंमत म्हणजे घंटीही थांबली. पहिल्या दुपारी वाजली नाही, दुसऱ्या दुपारी वाजली नाही. खेळ संपवून मिस्त्री बाहेर आला की आई आपली खुर्चीत, टीव्हीसमोर, बटण फिरवत. मिस्त्रीला वाटलं, देव पावला.

"अगं, डॉक्टरांच्या नव्या गोळीने आई सुधारली," त्याने संध्याकाळी बायकोला सांगितलं. "दाराकडे जातच नाही आता."

"नवीन गोळीने म्हणता? त्या गोळीने असं नाही हो होत," बायको म्हणाली. दिवसभर गोळ्यांच्याच गराड्यात उभी राहणारी बाई ती. "झोप लागेल फार तर."

"तुझं आपलं नेहमीचं. चांगलं झालं तर झालं म्हणावं की."

पण तिचं मन काही भरलं नव्हतं. ती घरात पाऊल टाकायची तेव्हा तिच्या स्वतःच्या फोनवर टिंग व्हायचं, म्हणजे घंटी ठणठणीत होती. मग आई खरंच उठत नसतील? ती सासूच्या पायांना तेल लावायला बसायची तेव्हा तिला पाय सुजलेले वाटायचे. बसून बसून सुजले असतील, असं तिने मनाशी म्हटलं. एकदा केर काढताना दारातल्या चपला उचलल्या तर आईंच्या चपलांच्या तळव्यांना करडी सिमेंटची धूळ. ती वैतागली.

"अहो, किती वेळा सांगू, ते साइटवरचे बूट आईंच्या चपलांजवळ ठेवू नका. बघा, सगळी माती यांना लागते!"

मिस्त्रीने मुकाट्याने बूट पलीकडच्या कोपऱ्यात ठेवले.

ती धूळ कुठली ते सांगतो. मिस्त्रीचं काम तेव्हा एका नव्या उंच इमारतीत चालू होतं. घरापासून फार लांब नाही, मोठा रस्ता ओलांडला की आलीच. आणि ती इमारत उभी राहत होती बरोबर त्याच्या जुन्या शाळेच्या जागेवर. शाळा कधीच बंद पडली, पाडली, कुंपणाची एक जुनी भिंत आणि गेटचे दोन दगडी खांब तेवढे उरले. पहिल्या दिवशी तिथून आल्यावर मिस्त्रीने आईच्या गळ्यात हात टाकून थट्टा केली होती, "आई, तुझा ढब्बू परत शाळेत जायला लागला बरं का! त्याच शाळेत!" आईचा चेहरा असा उजळला की त्याला भरून आलं. मग तो रोजच म्हणायचा, पहाटे निघताना तिच्या कानाशी वाकून, "आई, शाळेत जातो गं." आणि ती त्याच्या गालावरून हात फिरवायची. चांगल्या मनाने केलेली थट्टा होती हो ती. पण तिने ती थट्टा म्हणून घेतलीच नव्हती.

साइटवर फरशीवाले, रंगवाले, नळवाले, सगळी जत्रा. एका सकाळी चहाच्या वेळी रंगवाला म्हणाला, "दुपारच्याला एक आजी येतात गेटवर. शाळा सुटली का, असं विचारतात."

सगळे हसले. मिस्त्रीच्या हातातला कप तोंडापर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला.

"कशा दिसतात?" त्याने विचारलं.

"आता म्हाताऱ्या माणसासारख्या दिसतात! मी लांबून बघितलंय. दुपारचा वॉचमन त्यांना खुर्ची देतो. बसतात थोडा वेळ आणि जातात."

त्या दिवशी मिस्त्रीचं कामात लक्ष लागलं नाही. घरी आला, आईला जेवू घातलं, टीव्ही लावून दिला, आणि संगणकाकडे न जाता सरळ दारापाशी गेला. फोन हातात घेतला. दार उघडलं.

टिंग टिंग.

मिटलं, पुन्हा उघडलं. टिंग टिंग. तिसऱ्यांदाही तेच. मिस्त्रीने सुटकेचा श्वास सोडला. घंटी चालते. म्हणजे आई बाहेर गेली असती तर मला कळलंच असतं. ती दुसऱ्या कोणाची तरी आई असणार, बिचारी. त्याला त्या अनोळखी म्हातारीची दयासुद्धा आली. लोक आपल्या माणसांकडे लक्ष देत नाहीत, हेच खरं, असंही त्याच्या मनात आलं.

मेख कुठे होती, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. दारात उभा होता तेव्हा त्याचा फोन पुढच्या राउटरवर होता. घंटीही पुढच्याच राउटरवर. एकाच घरातली दोघं, त्यांनी एकमेकांचं ऐकलं. बोळ ओलांडून तो आतल्या खोलीत गेला की फोन गुपचूप मागच्या राउटरला जाऊन चिकटायचा, आणि मग घंटीने कितीही बोंब मारली तरी मध्ये भिंत. वस्तादांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती त्याला: "मशीनच्या खोलीत बसून लिफ्ट तपासू नकोस. जिथे माणूस उभा राहणार, तिथे स्वतः उभा राहून तपास." साइटवर मिस्त्रीने हा नियम एकदाही मोडला नाही. घरी मात्र त्याने घंटी घंटीपाशी उभं राहून तपासली. खेळताना जिथे बसायचा तिथे बसून, कोणाला तरी दार उघडायला लावून, तपासली असती तर? पण दार उघडायला दुपारी घरात होतं कोण! आईच होती.

त्यानंतर तो निर्धास्त झाला, आणि आपण म्हणतो ना, निर्धास्त माणसासारखा आंधळा कोणी नाही.

ज्या दुपारी हे झालं, त्या दुपारी टोळीचा मोठा सामना होता. पोरांनी किती दिवस तयारी केली होती. मिस्त्रीने आईला खुर्चीत बसवलं, पांघरूण दिलं, गाणी लावली. तिची चुळबुळ त्या दिवशी जास्त होती. "शाळेत गेलाय ना तो?" तिने दोनदा विचारलं. "हो गं, गेलाय," मिस्त्री म्हणाला. घाईत होता. आत गेला, हेडफोन चढवले आणि दार ओढून घेतलं.

सामना जिंकले. शेवटी तर मागून आलेल्या तिघांना मिस्त्रीने एकट्याने टिपलं. पोरं किंचाळत होती, "काका, तुम्ही होता म्हणून वाचलो! तुमच्या पाठीला डोळे आहेत!" मिस्त्रीने हसत हसत हेडफोन काढले. बाहेर टीव्हीवर गाणं चालू होतं. म्हणजे आई ऐकत बसली आहे. तो गुणगुणत स्वयंपाकघरात गेला, चहाचं आधण ठेवलं, आणि तिथूनच विचारलं, "आई, चहा घेणार ना?"

गाणं चालू राहिलं. त्याने मान बाहेर काढून बघितलं. खुर्ची रिकामी होती, पांघरूण खाली पडलं होतं.

मोरीत नाही. गॅलरीत नाही. पलंगाखालीसुद्धा बघितलं त्याने, काय करणार, माणसाचं डोकं त्या वेळी चालत नाही. दारातल्या चपला नव्हत्या. दार अलगद मिटलेलं होतं, त्याच्याच दट्ट्याने मिटवलेलं. त्याने ते ओढून उघडलं, आणि खिशातला फोन वाजला.

टिंग टिंग.

त्या क्षणी त्याला सगळं कळलं. दोन घरं. आधी तुमचं, मग आजींचं.

बूट पायात कधी चढवले, जिना कसा उतरला, ते त्याला आठवत नाही. खाली तळमजल्यावर शिलाईवाली आपल्या मशीनवर बसली होती.

"आई दिसली का माझी?"

"गेल्या की. रोजच्यासारख्या." तिने मान वर केली आणि त्याचा चेहरा बघून पाय मशीनवरून काढला. "अहो, तुम्हीच फिरायला पाठवता ना त्यांना? तुम्ही वर असता, म्हणून मी कधी काही बोलले नाही. मला सांगून जातात, ढब्बूला आणायला चालले म्हणून. आणि येतात की परत वेळेवर. आज अजून नाही आल्या."

रोजच्यासारख्या. हा शब्द त्याच्या छातीत रुतला. रोज ती तो मोठा रस्ता ओलांडत होती. गाड्या, ट्रक, सिमेंटचे मिक्सर. तो आत बसून कोणाची तरी पाठ राखत होता, आणि त्याची आई रोज तो रस्ता एकटी ओलांडत होती!

तो पळत सुटला. रस्त्यावर गर्दी नव्हती, कोणी पडलेलं नव्हतं, तरी त्याने दोन्ही बाजूंना डांबरावर नजर टाकलीच. दगडी खांबांशी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. खांबाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची होती, आणि खुर्चीत कोणी नव्हतं.

दुपारचा वॉचमन मागच्या फाटकाकडून येत होता. त्याने मिस्त्रीला कधी पाहिलेलं नव्हतं, पाळ्याच वेगळ्या.

"आजी कुठे आहेत? इथे बसतात त्या?"

"आत्ता तर होत्या. मी मागे ट्रक घ्यायला गेलो," वॉचमन इकडेतिकडे बघत म्हणाला. "तुम्ही कोण त्यांचे? आज जरा चिडल्या होत्या बघा. म्हणाल्या, किती दिवस झाले येते, घंटा काही होत नाही. आता आत जाऊन वर्गातच बघते. मी आपलं हसलो—"

पुढचं मिस्त्रीने ऐकलं नाही. तो आत शिरला. फरशीवाले चहाला गेलेले, सगळीकडे सामसूम, फक्त कुठेतरी नळाचं पाणी ठिबकत होतं. लिफ्टची विहीर, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते ती उभी पोकळी, इमारतीच्या मधोमध होती. दारं अजून बसायची होती. प्रत्येक मजल्यावरच्या तोंडाला मिस्त्रीने स्वतःच्या हाताने आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. त्याने तळातून आत डोकं घालून आधी खाली पाहिलं. खड्ड्यात फक्त सळया आणि पाणी होतं. मग त्याने वर पाहिलं. एकावर एक तोंडं, फळ्यांच्या फटींतून येणारा बारीक उजेड. पण वरच्या एका मजल्यावर उजेड बारीक नव्हता. तिथे आख्खा चौकोन उघडा होता. फरशीवाल्यांनी माल आत घ्यायला फळ्या काढल्या होत्या आणि तशाच टाकून ते चहाला गेले होते.

आणि त्या चौकोनातून हाक आली.

"ढब्बूऽऽ! ए ढब्बू! शाळा सुटली रेऽऽ!"

विहिरीने ती हाक घेतली, खालपर्यंत नेली आणि वर परत आणली.

मिस्त्रीचं तोंड उघडलं होतं, पण त्याने आवाज काढला नाही. खालून ओ दिली तर ती खाली वाकून बघेल. एवढं त्याला कळलं, नशीब. तो बूट काढून अनवाणी जिने चढू लागला. प्रत्येक मजल्यावर ती हाक ऐकू येत होती, आणि प्रत्येक दोन हाकांच्या मध्ये जी शांतता पडायची तिच्यात त्याचा जीव जात होता. उभ्या जन्मात आईने मारलेल्या हाकेला ओ न देता तो असा कधी गेला नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

वर पोचला. आई उघड्या तोंडाशी उभी होती. एक हात चौकटीच्या उघड्या सळईला धरलेला, चपलांची पुढची टोकं काठाच्या बाहेर. ती खाली बघत होती.

अडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे मिस्त्रीला शिकवावं लागत नव्हतं. हळू, साधं, घाई न करता. "आजी," तो म्हणाला. आई म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. "आजी, काय बघताय?"

तिने मान वळवली. "कोण, मिस्त्री का? बरं झालं आलात. अहो, माझा मुलगा आहे हो आत. हाका मारून मारून घसा बसला माझा. ओच देत नाही."

"देईल. तुम्ही जरा मागे या बरं."

"रोज मारते हाका. घरीसुद्धा. निघण्याआधी त्याच्या दारात उभी राहते आणि विचारते, ढब्बू, आहेस का रे आत? असलास तर मी कशाला जाऊ तुला आणायला? पण तो बोलतच नाही. कानात बोळे घालून बसलाय मेला." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "मी काय केलं हो त्याचं?"

मिस्त्री एकेक पाऊल पुढे सरकत होता. हाताच्या अंतरावर आल्यावर त्याला राहवलं नाही.

"ओ," तो म्हणाला. "ओ, आई. मी इकडे आहे. तुझ्या मागे."

ती गर्रकन वळली. चेहरा असा फुलला की क्षणभर त्याला वाटलं, ओळखलं. त्याने तिचं मनगट घट्ट पकडलं आणि तिला आत ओढून घेतलं. एक चप्पल सुटून विहिरीत पडली. ती खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. आईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, जिन्याकडे, भिंतीकडे, सगळीकडे. फुललेला चेहरा हळूहळू मावळला.

"कुठे आहे?" तिने विचारलं. "आत्ता तर ओ दिली त्याने."

तिला पाठुंगळीला घेऊन त्याने घरी आणलं. खालची शिलाईवाली रडत होती. वर चहाचं भांडं जळून काळं झालं होतं आणि टीव्ही गातच होता. बायको दुकानातून धावत आली, तिने सगळं ऐकलं. तिने सासूच्या पायांचे धुळीने माखलेले तळवे उलटून पाहिले, कोपऱ्यात वेगळे ठेवलेले नवऱ्याचे बूट आठवले, आणि ती भिंतीला टेकून बसली.

मागचा राउटर त्याने त्याच संध्याकाळी उपटला. आता घंटी दोघांच्याही फोनवर वाजते, घरात कुठेही बसा. आतल्या खोलीत बसून, बायकोला दार उघडायला लावून, त्याने ती तपासली आहे. पण आता तिचा उपयोग नाही. आई दाराकडे जात नाही. ढब्बू शाळेत नाहीच, तो त्या विहिरीत खाली राहिलाय, असं तिच्या मनाने घेतलंय. दुपार कलली की ती खुर्ची ओढून बोळात, आतल्या खोलीच्या दारासमोर येऊन बसते आणि ते विहिरीचंच तोंड असावं तशी त्या मिटल्या दारातून हाक मारते, "ढब्बू, ए ढब्बू."

मिस्त्री तिच्या पायांशी फरशीवर बसलेला असतो. प्रत्येक हाकेला तो ओ देतो. एकही चुकवत नाही.

आणि प्रत्येक वेळी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून, त्याची समजूत काढावी तशी म्हणते, "तुम्ही नव्हे हो, मिस्त्री."